सातवी करवत

एकोणिसाव्यांदा दोरी ओढली तेव्हा हेल्दुरच्या खांद्यातून कट्‌ असा आवाज आला. चेनसॉमधून मात्र कसलाच आला नाही. प्लग घासून झाला होता, एअर फिल्टर झटकून झाला होता, चोक आत-बाहेर करून झाला होता. एकोणचाळीस वर्षांची ती करवत अंगणातल्या ओंडक्यावर ढिम्म बसून होती.

"आज सुरू झाली तर झाली," स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची बायको लेइदा म्हणाली. "नाहीतर सोमवारी भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये घालणार. पोरीनं तालिनहून पाठवलेली बॅटरीवाली नाताळापासून खोक्यात पडलीय."

"बॅटरीवाली ही काय करवत असते? दाढी करायचं मशीन ते!"

"मग दाढी तरी कर. सगळं गाव जमायचंय आज."

हे खरं होतं. वादळानं अल्विने आजीच्या आवारात बर्चची नऊ झाडं आडवी केली होती आणि ती सगळ्यांनी मिळून कापायला आज गावाची इर्जिक होती. अशा दिवशी प्रत्येकानं आपापली करवत आणायची, पण पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं ते हेल्दुरनंच, असा तीस वर्षांचा रिवाज होता. गावातली प्रत्येक जुनी करवत त्याच्याच हातून बरी झालेली. त्याची स्वतःचीच सुरू होईना, हे कळलं असतं तर तोंड लपवायला जागा उरली नसती. सर्दीनं नाक चोंदलेलं, डोकं तापलेलं, अशा अवस्थेत त्यानं तळघरातून पांढरा कॅन उचलला, मापानं तेल ओतलं, घुसळलं आणि निघाला. त्याच्या करवतीची टाकी गेल्या शरदापासून भरलेलीच होती, तिच्यात काही घालायचा प्रश्नच नव्हता.

इर्जिक झोकात सुरू झाली. सहा करवती एकदम कोकलू लागल्या. निदान कामात दिसावं म्हणून हेल्दुर कानस घेऊन आपल्या साखळीला धार लावत बसला. अर्ध्या तासानं शेजारच्या आर्वोनं कॅनमधून टाकी भरली. त्याची करवत खोकली, शिंकली आणि गप्प झाली.

"प्लग गेलाय," हेल्दुरनं निदान केलं आणि प्लग बदलला. मग दुसरी बसली. तिचा फिल्टर खराब ठरला. तिसरीचा कार्ब्युरेटर. जेवणवेळेपर्यंत सहाच्या सहा करवती गवतावर आडव्या आणि हेल्दुर सुट्या भागांच्या मधोमध रडकुंडीला आलेला. तीस वर्षांची अब्रू एका सकाळीत गेली होती आणि कशानं गेली तेही त्याला समजत नव्हतं.

तेवढ्यात लेइदा काळा पाव, खारवलेले मासे आणि तळघरातला दुसरा पांढरा कॅन घेऊन आली. एप्रिलात घरोघर बर्चच्या खोडातून झिरपणारी नीरा धरतात आणि ती असल्याच कॅनमध्ये साठवतात. आर्वोनं पेला तोंडाशी नेला आणि तसाच थांबला.

"लेइदा, यंदा नीरा जरा कडक झालीय का गं? अगं, हे पेट्रोल आहे!"

सगळ्यांनी आधी पेल्याकडे पाहिलं, मग हेल्दुरच्या कॅनकडे, मग हेल्दुरच्या नाकाकडे.

"अरे देवा," अल्विने आजी म्हणाली, "हा बाबा सकाळपासून करवतींना नीरा पाजतोय!"

धरणी दुभंगावी आणि कार्ब्युरेटरांसकट आपल्याला पोटात घ्यावं, असं हेल्दुरला वाटलं. टाक्या रिकाम्या झाल्या, भाग धुतले गेले, नवं मिश्रण आर्वोनं तीनदा हुंगलं. चार वाजेपर्यंत सहा करवती पुन्हा बोलू लागल्या. सातवीची दोरी सगळ्यांनी आळीपाळीनं ओढली. ती हूं की चूं करेना.

"म्हातारीला बाधली नीरा," आर्वो हळहळला. "या वयात नाही सोसत."

लेइदाचाही चेहरा जरा निवळला. "सकाळपासून पोटात नीराच असेल, तर त्यात तिचा काय दोष? सौनातली वाफेची अंघोळ झाली की सगळ्यांसमोर टाकी उघड. आत नीरा निघाली, तर राहू दे बापडीला. नाही निघाली, तर सोमवारी ट्रक."

आत नीरा निघणार नव्हती, हे एकट्या हेल्दुरला ठाऊक होतं. निघणार होतं जुनं पेट्रोल. तिला कुणी काही पाजलं नव्हतं, ती आपली आपणच थकली होती. एकोणचाळीस हिवाळे जिनं घर ऊबदार ठेवलं, तिला भंगारात जाताना बघणं त्याच्यानं होणार नव्हतं.

बाकीचे सौनाकडे वळताच तो आपल्या कॅनमध्ये उरलेल्या नीरेनं भरलेला पेला आणि करवत घेऊन लाकडांच्या खोपटामागे गेला. आजवर या टाकीत त्यानं गाळल्याशिवाय थेंब जाऊ दिला नव्हता. त्यानं झाकण फिरवलं, डोळे पुसले आणि दोन घोट आत ओतले. मान वर केली, तर समोर टॉवेल घेऊन लेइदा उभी.

तिनं करवतीकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या लाल नाकाकडे बराच वेळ पाहिलं.

"एवढ्याशानं आर्वो फसायचा नाही," ती हळूच म्हणाली. "घाल अजून."