सेतुमामांचा केक

सेतुमामा निखाऱ्यांवर ठेवलेल्या पातेल्यात उजवा हात घालत आणि विठ्ठलाचं नाव घेत. तीस वेळा नाव घेईपर्यंत हात आत टिकला, तर धग केकला बेताची. विसाव्याला काढावा लागला, तर बिस्किटांना बरी. दहाच्या आत बोंब ठोकली, तर त्या दिवशी काही भाजायचं नाही. या शास्त्रापायी त्यांच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत एक केस उरला नव्हता.

कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत मराठी घरं पाच-सहा. घरात मराठी, उंबरठा ओलांडला की तमिळ. त्यात सेतुमाधवराव म्हणजे बडं प्रस्थ, तालुका कचेरीचे निवृत्त शिरस्तेदार. मी शेजारी राहणारा शाळामास्तर, म्हणून माझे ते मामा. एका साहेबाच्या बटलरकडून त्यांनी केकचं गणित उतरवून घेतलं होतं. मैदा, साखर, लोणी आणि अंडी, चारही एका वजनाची. बिस्किटांना एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. मामी बिचाऱ्या सवयीने तांदळाच्या मापाने, म्हणजे पडीने, मैदा घेत, की मामा तराजू घेऊन धावलेच. "पडी भातास. केकास तराजू," असं ते दिवसातून चारदा बजावत. चुकून पंक्तीत बसलेल्या पाहुण्यालाही बजावत.

एकदा त्यांचा हात पातेल्यात असताना समोरच्या मठात भजन सुरू झालं. टाळ ऐकताच मामांचा जप तालावर गेला आणि हळूहळू विलंबित झाला. केक ठरला की तीस पुरे झाल्याशिवाय हात काढायचा नाही, हा त्यांचाच नियम. पुढे आठवडाभर मामी त्यांना भरवत होत्या.

खरी अडचण अंड्यांची होती. सोवळं नेसून जेवणारा माणूस अंड्याला शिवणार कसा? म्हणून ते अंड्यांच्या वजनाचं घट्ट दही घालत, आणि केक काही केल्या फुगत नसे. नाताळाच्या आधी महिनाभर परसात हा कारखाना चाले आणि शेवटी पातेल्यातून वीट निघे. एक वीट गाईपुढे ठेवली, तर तिने हुंगून तोंड फिरवलं. बिस्किटं मात्र झकास होत. गल्ली ती मिटक्या मारत खाई आणि मामांना हसे. हसणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढे.

नाताळाला नागपट्टणला फुगलेला केक गेला पाहिजे, एवढाच त्यांचा ध्यास. वीट पाठवायची नाही. अशी तीन वर्षं हुकली, तेव्हा ते प्रत्येक वेळी दोन-दोन दिवस जेवले नाहीत. नागपट्टणला त्यांचा जुना साहेब बदलून गेला होता. म्हाताऱ्याला रावबहादूर व्हायचंय, दुसरं काय, असं मी ओट्यावर बसून सांगे आणि लोकांना हसवी. समोरून मामा आले की त्यांना वाकून मुजराही करी.

चौथ्या वर्षी एका सकाळी त्यांनी कुंपणापलीकडून हाक मारली. "नारायणा, काय करूलास? इकडे ये."

गेलो. पातेल्यातला केक टम्म फुगून वर तडकला होता. मी दह्याची तारीफ करू लागलो.

"दहीं नव्हे," ते खाली बघत म्हणाले. "अंडीं. मींच फोडलीं."

मी आधी मागचं दार लावून घेतलं. गल्लीला कळतं तर त्यांना पंक्तीतून उठवलं असतं. मामी विहिरीपाशी भांडी घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

केक बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात बसवून मामांनी माझ्या हाती लेखणी दिली. त्यांचं अक्षर तालुक्यात नावाजलेलं, आणि पत्ता मी घालायचा. त्यांना लिहवत नव्हतं. मी साहेबाचं नाव विचारलं. त्यांनी कनवटीचं एक चिठोरं उलगडून पुढे केलं. त्यावर होतं, जॉन माधव, मिशन शाळा, नागपट्टण.

माधव त्यांचा एकुलता एक मुलगा. शिकायला गेला आणि ख्रिस्ती झाला. त्या वेळी सेतुमामांनी कावेरीच्या काठी घट फोडून जित्या पोराच्या नावाने स्नान केलं. सगळी गल्ली काठावर उभी होती, मीसुद्धा. तेव्हापासून त्या घरात त्याचं नाव कोणी काढलं नव्हतं.

मी पत्ता लिहिला. ओट्यावरचं माझं सगळं बोलणं आठवून मला माझीच शरम वाटली. तरी जीभ गप्प बसेना.

"मामा, त्यानं परत पाठवला तर?"

ते डब्याला दोरी आवळत होते.

"पाठवूं दे," ते म्हणाले. "त्याचा हात लागून तरी येईल."