गुंडाळलेल्या नकाशात इंद्रायणी दाखवणे

सुधारणा नेहमी आतून होते. म्हणूनच ती झाल्याचं बाहेरच्यांना परिपत्रकाने कळवावं लागतं.

आमच्या शाळेत जिल्ह्याचा नकाशा टांगायची पद्धत अगदी रानटी होती. ज्याला हवा त्याने तो खिळ्याला अडकवायचा, दोरी सोडायची नि बोट फिरवत नदी शोधायची. इतकं सोपं, की आपण शिकतोय असं वाटायचंच नाही!

१९६४ साली नकाशा-रक्षण कार्यालयाने ही उणीव दूर केली. बदल निव्वळ अंतर्गत होता. मुलांना काहीच फरक पडणार नव्हता. (पडल्यास तो मुलांच्या हातून पडला असं समजावं.) यापुढे नकाशा गुंडाळून, दोरी बांधूनच टांगायचा आणि टांगला की तो उघडा आहे असं मानायचं. खरोखर उघडायचा तर अर्ज. अर्जात काय बघायचंय ते लिहायचं, आणि ते नकाशात कुठे आहे तेही.

नकाशे फाटण्याचं प्रमाण शंभर टक्के घटलं. बघण्याचंही तितकंच.

मग तोंडी परीक्षेला तपासणीस साहेब आले. "इंद्रायणी दाखव." मी गुंडाळीकडे बोट करून खणखणीत म्हटलं, "आत आहे, साहेब!" दहापैकी दहा. इतकी हुशार मी पूर्वी कधीच नव्हते.

पुढची चिंगी. आंदर मावळातून दोन तास चालत येणारी. नापास झाली तर उद्यापासून म्हशींमागे, असं घरी ठरलेलं. तिची आई बायडाबाई निकाल ऐकायला दारातच उभी.

चिंगीने खिडकीबाहेर बोट केलं. "ती काय, साहेब! आत्ताच उतरून आले. परकर अजून वला हाय."

साहेबांनी नदी पाहिली, परकर पाहिला, परिपत्रक पाहिलं आणि शून्य लिहिलं.

"आवं साहेब, नदी खोटी हाय व्हय?" बायडाबाई आत आली.

"नदी खरी आहे, मावशी. पण ती टांगलेली नाही."

दत्तोबा गुरुजींनी हात जोडले, म्हणून आणखी एक संधी मिळाली. मी चिंगीला चिमटा काढला, "अगं, गुंडाळीकडं बघ की!"

चिंगीने खिडकीकडे पाठ केली. "आत हाय."

दहापैकी दहा! बायडाबाईने लेकीवरून कडाकडा बोटं मोडली. म्हशींना दुसरं कुणीतरी शोधावं लागलं.

आता वाचकहो, तुम्ही सांगा. इंद्रायणी कुठे आहे?

देहू, आळंदी, असलं काहीतरी आलं ना मनात? बसा खाली. नापास.