तेरा नाणी आणि एक बॅटरी

विजेच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये! एकतीस वर्षं या शेला शहरात मिक्सर, इस्त्र्या आणि रेडिओ दुरुस्त करतोय. या बोटांना इतके शॉक बसलेत की आता वीजच मला बिचकते.

हे वाक्य मी त्या लग्नापर्यंत रोज म्हणायचो. आता म्हणत नाही. आता बाजारात गेलो की भाजीवाली विचारते, "काय मास्तर, कोट कसा आहे?" न्हावी विचारतो. परवा तर दातांच्या डॉक्टरनं माझ्या तोंडात दोन बोटं घालून विचारलं! उत्तर कुठून देणार, सांगा? म्हणून एकदाच काय ते नीट सांगून टाकतो. मग मला सोडा. दमलोय हो मी.

सुरुवात सिगारेटपासून झाली. माझी बायको ओर्तेन्सिया म्हणाली, "एलादिओ, एक तर तुझी सिगारेट जाईल, नाही तर मी माहेरी जाईन." ही धमकी मी सत्तावीस वर्षं ऐकतोय, पण या खेपेला तिनं माळ्यावरची बॅग खाली काढली होती. मी घाबरलो. आमच्या शेजारी रोके राहतो, बस चालवतो. त्यानं त्याचा जुना वेप, म्हणजे विजेवरची सिगारेट, मला देऊन टाकला. बोटापेक्षा जरा जाड पितळी नळकांडं, आत एक बॅटरी, बुडाला एक बटण. वर कापूस आणि तारेचं वेटोळं. बटण दाबलं की तार तापते, रस उकळतो, वाफ निघते. हे तर माझ्या दुकानातल्या इस्त्रीचं धाकटं भावंड!

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस रोके माझी वाफ बघून म्हणाला, "मास्तर, ही वाफ? आमच्या बसचं इंजिन याहून जास्त सोडतं, आणि तेही बंद असताना!"

लागलं हो मनाला! मी त्याच संध्याकाळी एका मेलेल्या टोस्टरमधून जाड तार काढली आणि चार वेढे देऊन नवी कॉइल वळली. मीटर लावला. ओहमचा जेमतेम दहावा हिस्सा! बटण दाबलं आणि काय सांगू, समोरची भिंत दिसेना. स्वयंपाकघरातून ओर्तेन्सिया ओरडली, "काय जळतंय?" मी म्हणालो, "काही नाही, प्रगती आहे!"

आंब्याच्या वासाचा रस आणायला मी येस्लीच्या दुकानात जायचो. तेवीस वर्षांची पोरगी. च्युइंगम चघळत बोलते आणि गिऱ्हाइकाकडे बघत नाही. पण माझं नळकांडं हातात घेतलं आणि तिचं चघळणं थांबलं.

"मास्तर, ही कॉइल कुणी वळली?"

"कुणी म्हणजे? मी! टोस्टरची तार आहे, पक्की."

"तार पक्की आहे हो, बॅटरीचं काय? रेझिस्टन्स जितका कमी, तितका बॅटरीतून करंट जास्त ओढला जातो. ही कॉइल चाळीस अँपिअर मागतेय. बॅटरीची ताकद वीसची."

"वीस? अगं, बॅटरीवर चाळीस छापलंय की! बघ."

"छापायला काय जातंय? माझ्या चुलत्याच्या गाडीवर 'रॉकेट' लिहिलंय." ती उसासा टाकून म्हणाली. "आणि या नळीत कसलंही सर्किट नाही, मास्तर. या नळीला अक्कल नाही. ती तुमच्याकडे असावी लागते."

एकतीस वर्षांच्या अनुभवाला असं बोलणं! तिनं माझ्याकडची दुसरी, जादा बॅटरी घेतली, तिची वरच्या टोकाला फाटलेली प्लॅस्टिकची साल दाखवली. "ही तर टाकूनच द्या. इथे साधं नाणं टेकलं तरी शॉर्ट होईल." मग खणातून एक लहानसा प्लॅस्टिकचा डबा काढून माझ्या हातात ठेवला. "फुकट आहे. सुटी बॅटरी यात ठेवायची. खिशात, किल्ल्यांबरोबर, सुट्या पैशांबरोबर अजिबात नाही. कळलं?"

"कळलं, बाई, कळलं," मी म्हणालो. घरी येऊन फाटलेल्या सालीवर चिकटपट्टी लावली. डबा मात्र मस्त होता. त्याचा मी लगेच उपयोग केला.

आता लग्नाचं सांगतो. माझा जिवलग मित्र बाउदिलिओ ट्रक चालवायचा. त्याची एकुलती एक लेक नोएमी. तिच्या बाप्तिस्म्याला मीच तिला हातावर घेतलं, म्हणजे मी तिचा धर्मबाप. आमच्याकडे लग्नात नवरा मुलगा नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी ओततो, आणि ती नाणी वेदीपाशी नेऊन द्यायचा मान धर्मबापाचा. बाउदिलिओकडे त्याच्या आईची तेरा चांदीची नाणी होती, आत लाल मखमल असलेल्या लाकडी पेटीत. तीन वर्षांपूर्वी, देवाघरी जायच्या आदल्या दिवशी, त्यानं ती पेटी माझ्या हातात दिली. म्हणाला, "एलादिओ, तू विजेचा माणूस. तुझ्या हातून आजवर काही जळलं नाही. लग्नात ही नाणी माझ्या पोरीच्या ओंजळीत पडू दे. मी तेवढाच तिथे असेन."

मी शब्द दिला. रडलो. त्याला दिसू नये म्हणून खोकलो.

आणि समोर कोण, तर नवऱ्या मुलाची आई, डोन्या ओफेलिया! दोन कापडाची दुकानं. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, "ट्रकवाल्याची नाणी काळवंडलेली असतील, फोटोत बरी दिसणार नाहीत. मी सोन्याचा मुलामा दिलेली तेरा घेऊन येतेय, लागली तर असू देत." नोएमी माझा हात धरून म्हणाली होती, "काका, काही झालं तरी बाबांचीच हं." मी छाती ठोकून म्हणालो होतो, "माझ्यावर सोड!"

लग्नाच्या दिवशी सकाळी मी काळा कोट चढवला. ती कॉइल बॅटरी अशी पिऊन टाकायची की एकीवर दुपारही निघत नसे. म्हणून चिकटपट्टीवाली जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात टाकली, छातीशी. नळकांडं बाहेरच्या खिशात. पेटी हातात.

चर्चमध्ये पोचलो तर डोन्या ओफेलिया पहिल्या बाकावर, मांडीवर तिची सोनेरी डबी. माझ्या पेटीकडे बघून ती अशी हसली की माझा हात आपोआप बाहेरच्या खिशाकडे गेला. दोन झुरके घेतल्याशिवाय जमणार नव्हतं. चर्चच्या मागं गेलो. दोनाचे नऊ झुरके झाले. मग लक्षात आलं, नळकांडं तव्यावरून नुकत्या काढलेल्या भाकरीसारखं तापलंय आणि बटण अडकलंय! चटके खात झाकण फिरवलं, बॅटरी बाहेर काढली. येस्लीचं बोलणं आठवलं: सुटी बॅटरी धातूजवळ नको. बघा, मी ऐकतो लोकांचं! इकडे तिकडे पाहिलं. मऊ, कोरडी, सुरक्षित जागा एकच होती, मखमलीची पेटी. म्हणून नाणी काढली, बॅटरी पेटीत ठेवली, थंड होईपर्यंत. आणि बाउदिलिओची नाणी? ती मौल्यवान. ती आतल्या खिशात, छातीशी.

तुमच्या लक्षात आलं. माझ्या नाही आलं.

तेवढ्यात ओर्तेन्सिया आली. नाक फेंदारून म्हणाली, "आंब्याचा वास येतोय."

"मोसम आहे," मी म्हणालो.

"जानेवारीत?" तिनं माझा दंड धरला आणि फरफटत आत नेलं. पेटीतली अदलाबदल तशीच राहिली.

विधी सुरू झाला. फादर आन्सेल्मो संथ बोलत होते. नोएमी पांढऱ्या पोशाखात, हातांत पांढरे हातमोजे, डोळे थेट बाउदिलिओचे. आणि अचानक मला छातीशी ऊब जाणवली. मंद, गोड ऊब! माझ्या अंगावर काटा आला. बाउदिलिओ आला होता! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"काय झालं?" ओर्तेन्सिया कुजबुजली.

"तो इथेच आहे," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "मला जाणवतोय. वाढतोय!"

"नाणी," फादर म्हणाले.

मी रडत रडत पुढे गेलो आणि पेटी नवऱ्या मुलाच्या, देल्विनच्या हातात दिली. त्यानं झाकण उघडलं, न बघताच पेटी नोएमीच्या ओंजळीत पालथी केली. ओंजळीत एक हिरवी बॅटरी पडली.

देल्विननं बॅटरीकडे पाहिलं. फादरनी बॅटरीकडे पाहिलं. डोन्या ओफेलियाची डबी तोवर उघडलीही होती! "असू दे, असू दे, मी आणलीत ना," म्हणत ती उठली.

"काका," नोएमीचा आवाज फाटला, "बाबांची नाणी कुठायत?"

"इथे! हृदयापाशी!" मी म्हणालो, खिशात हात घातला आणि अशी बोंब ठोकली की वरची कबुतरं उडाली. खिशातून फुस्स आवाज आला. मग धूर. फादरनी आधी धूपदानाकडे पाहिलं. ते विझलेलं होतं.

नवऱ्याकडच्या बाकांवरून एक ओळखीचा आवाज कडाडला. येस्ली! ती देल्विनची चुलत बहीण निघाली. आमचं गाव केवढंसं ते. "मास्तर, कोट काढा! इथे टाकू नका, बाहेर! मोकळ्या फरशीवर! सगळे बाजूला व्हा!"

मी कोट काढला, हात लांब करून धरला आणि मधल्या वाटेनं धावत सुटलो. गुडघ्यांची काय हालत झाली ते विचारू नका. दारापाशी पोचलो तर बाहेर रोके उभा, हातात फटाक्यांची माळ. त्याला एवढंच सांगून ठेवलेलं की दारातून जोडपं बाहेर आलं की माळ पेटवायची. त्यानं दार उघडताना पाहिलं, धूर पाहिला, आणि माळ पेटवली! लाकडी पट्ट्यांचा मारिंबा वाजवणाऱ्यांनी मिरवणुकीचं वाजवायला घेतलं. बायकांनी माझ्यावर तांदूळ फेकले. "चिरायू होवो!" कुणीतरी ओरडलं. मी आणि कोट, आम्ही दोघंच होतो.

आतल्यांना दिसलं काहीच नाही, ऐकू मात्र सगळं आलं. "बॅटरी फुटली!" अख्खी वऱ्हाडी मंडळी बाकांखाली. डोन्या ओफेलिया सर्वांत आधी. तिची सोनेरी डबी हातून सुटली आणि तेरा नाणी चर्चभर गडगडत गेली. त्यातली काही लाकडी फरशीच्या फटींतून खाली गेली. त्या फटींत एकोणिसाव्या शतकापासून काय काय पडलंय देव जाणे.

अंगणात कोट दगडी फरशीवर पडला, त्यातून एक झगझगीत पिचकारी उडाली, आणि मग नुसता कडवट धूर येत राहिला. मी जवळ जायला लागलो तर येस्लीनं मला मागे खेचलं. "अर्धा तास कुणी हात लावायचा नाही. धूर नाकात घेऊ नका. तुमचा हात नळाखाली धरा." मी धरला. पहिल्यांदाच तिचं मुकाट ऐकलं.

नोएमी बाहेर आली. झगा सावरून पायरीवर बसली. मी तिच्यासमोर उभा, शर्टावर तांदूळ, हाताला फोड. "पोरी," मी म्हणालो, "मी तुझ्या बापाला शब्द दिला होता. एवढी एकच गोष्ट होती माझ्याकडे. तीही जाळली. मला माफ कर." आणि खरं सांगतो, या खेपेला खोकून लपवायचीही ताकद नव्हती.

डोन्या ओफेलिया झगा झटकत आली. "फादरना दुपारी दुसरं लग्न आहे! माझी आठ तरी सापडलीत, उरलेली कुणाकडून..."

"मी थांबते," नोएमी म्हणाली. "बाबा चार चार दिवस घाटात अडकायचे. आई थांबायचीच ना? अर्धा तास काय मोठा."

देल्विनही पायरीवर नोएमीशेजारी बसला. मग फादरही बसले, म्हणाले, "मलाही पाय दुखतात."

अर्ध्या तासानं येस्लीनं चिमट्यानं एकेक नाणं बाहेर काढलं. बारा. मी पुन्हा मोजली, बाराच. मग अस्तराच्या राखेतून तेरावं निघालं. कडेला वाटाण्याएवढा डाग पडलेला, काळंठिक्कर. देल्विननं ती तेरा नाणी तिथेच, पायरीवर, नोएमीच्या ओंजळीत ओतली. तिचे पांढरे हातमोजे काळे झाले. "अजून गरम आहेत, काका," ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. मग मीही. डोन्या ओफेलियानं फोटोवाल्याला दूर पाठवलं, हे तिचं मोठेपण म्हणा हवं तर.

फादर आन्सेल्मो उठताना मला एवढंच म्हणाले, "बारशाला कोट घालून येऊ नका."

संध्याकाळी जेवणावळीत मी कोपऱ्यात बसलो होतो, हाताला पट्टी बांधून. रोके मटणाचा तिसरा घास चावत आला. "मास्तर, दातात अडकलंय. काडी आहे का?"

मी उत्तर द्यायच्या आत ओर्तेन्सिया कोटाचं उरलंसुरलं घेऊन आली. डावी बाजू गेली होती, उजवी शाबूत होती. "खिसे बघितलेस का?" म्हणत तिनं उजव्या खिशात हात घातला आणि एक प्लॅस्टिकचा डबा काढला. न वितळलेला, न डागाळलेला. येस्ली शेजारच्याच टेबलावर होती. तिचं च्युइंगम थांबलं.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "तो माझा डबा आहे."

ओर्तेन्सियानं डबा उघडला. आत दात कोरायच्या काड्या होत्या. पंचवीसच्या पंचवीस, एकदम सुरक्षित.

रोकेनं त्यातली एक उचलली. मी डबा येस्लीपुढे सरकवला. दुसरं काय करणार होतो?

"घे ना, बाई," मी म्हणालो. "तूही घे एक."