कोणता ब्रिज, ते आधी सांगा

बिराजदार सरांसमोर 'ब्रिज' हा शब्द काढणं म्हणजे आपल्या पायानं वर्गात जाऊन बसणं. "कोणता ब्रिज, ते आधी सांगा," म्हणून ते चष्मा पुसायला घेत. मग सुटका नसे.

भूकंपानंतर लातूरकडं घरं हळूहळू उभी राहिली, क्लास मात्र भराभर. आमच्या क्लासमध्ये मी बायॉलॉजी शिकवायचो, सर इंग्रजी. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना इंग्रजीचं काय घेणं? त्यामुळं सरांकडं सवड भरपूर. दहावी झालेल्यांसाठी मालकांनी 'ब्रिज कोर्स' काढला, तेव्हा सर म्हणाले, "पुलाला दोन काठ लागतात. इकडं दहावी, कबूल. तिकडं काय हाय?"

"मेडिकल," मालक म्हणाले.

"समद्यांना?"

त्या कोर्समध्ये सरांना एकही तास मिळाला नाही.

पत्त्यांमधला ब्रिज ते पुस्तकातून शिकले होते. त्याला चौघं लागतात, आणि आमच्या स्टाफरूममध्ये रमीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मग चौघांचेही पत्ते सर एकटेच खेळत, आणि वर हरत.

एकदा त्यांची दाढ काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, नंतर तिथं ब्रिज बसवू. झालं. भूल दिलेल्या जिभेनं सरांनी त्यांना नाकावरच्या ब्रिजपासून जहाजावरच्या ब्रिजपर्यंत फिरवून आणलं. बाहेर पेशंट ताटकळून राहिले होते. शेवटी डॉक्टरांनीच मला विनवलं, "यांना घरी न्या."

स्कूटरवर बसवून नेलं. त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. वहिनींचं माहेर औशाकडचं. आई-वडील, भाऊ, सगळे भूकंपात गेले आणि तेव्हापासून त्या कुणाशी फारसं बोलत नाहीत, एवढं ऐकून होतो. त्यांनी पाणी आणून ठेवलं, मान हलवली आणि आत गेल्या.

सरांनी चष्मा पुसायला घेतला. मग माझ्याशी बोलताना तोंड मात्र स्वयंपाकघराकडं करून मोठ्यानं म्हणाले, "मालकाचा राग आता कशाला धरायचा? पुलावरून लई पाणी गेलं."

मी चमकलो. एका शब्दापायी दातांच्या डॉक्टरला वेठीला धरणारा माणूस, आणि ही चूक? मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, तर सरांनी माझा गुडघा दाबला.

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"पुलावरून नव्हं, पुलाखालून," वहिनी म्हणाल्या. "वरून गेलं तर पूर आला म्हणायचा."

"असं हाय का?" सर म्हणाले.

"इंग्रजी शिकवतेत, आन् मराठीचा पत्ता न्हाई." बोलत बोलत त्या दारापर्यंत आल्या. मला विचारलं, "चहाला साखर चालती ना?"

चालते म्हणालो. त्या आत वळल्या, तसे सर माझ्याकडं सरकले. ओठांवरची भूल अजून उतरली नव्हती.

"तुमच्या ध्यानात एखादी उलटी म्हण आली तर सांगून ठेवा," ते हळूच म्हणाले. "माझ्या संपत आल्यात."