पासष्ट सेंटिमीटरची टोपी

निशिकांतच्या मुलीच्या डोक्याचा घेर पासष्ट सेंटिमीटर होता.

हा आकडा खुद्द मुलीने, म्हणजे गार्गीने, स्वीडनहून फोनवर सांगितला होता. ती तिथे शिकत होती, पत्नी कुमुद आईच्या आजारपणासाठी पुण्यात होती, आणि निशिकांत सिंगापुरात, बिशान भागातल्या फ्लॅटमध्ये एकटा होता. गार्गी दर रविवारी फोन करी, पण कॅमेरा बंद ठेवी. आपण बोलत असताना तिचे लक्ष भलतीकडे असते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुराव्याअभावी तो त्याने कोणाला सांगितला नव्हता.

एका रविवारी ती म्हणाली, इथल्या लोककलेतले लाल लाकडी घोडे आणि वळणदार फुले विणलेल्या टोप्या फार सुंदर असतात.

"विकत घेऊ नकोस, मी विणतो," निशिकांत म्हणाला. "आत्ताच्या आत्ता डोकं माप."

सुई त्याने जन्मात धरली नव्हती. पण नक्षी म्हणजे चौकटींचा कागद. प्रत्येक चौकटीत एक तर लाल लोकर, नाहीतर पांढरी. भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाला यात अवघड काय, असे त्याने चांगी बिझनेस पार्कमधल्या सहकाऱ्यांना ऐकवलेही. पहिला घोडा शेळीसारखा झाला, दुसरा इस्त्रीसारखा. तिसऱ्यापासून प्राणी ओळखू येऊ लागला.

पासष्ट हा आकडा मात्र त्याला खटकत होता. त्याचे स्वतःचे डोके सत्तावन्न भरले. परंतु गैरसोयीचे आहे म्हणून निरीक्षण बदलायचे नाही, हा नियम त्याने आयुष्यभर पाळला होता. पुन्हा विचारावे, तर मुलीला वाटायचे की बाबाचा आपल्यावर विश्वास नाही.

टोपी पुरी झाल्यावर चाचणी आली. सिंगापुरात थंडी तयारच करावी लागते. त्याने एसी सोळावर नेला, टोपी चढवली, आणि ती नाकापर्यंत उतरली. आपले डोके लहान असल्याने हे अपेक्षितच आहे, असे तो स्वतःला समजावत असताना बेल वाजली. दारात शेजारच्या सविता साबुदाण्याची खिचडी घेऊन उभ्या होत्या. डोळ्यांवर घोडे उतरलेला माणूस त्यांनी पाहिला, डबा हातात दिला आणि घरी जाऊन थेट पुण्याला फोन लावला: निशिकांतदादांना एकटेपणा बाधलेला दिसतो.

कुमुदचा फोन लगेच आला. "अहो, तुम्ही बरे आहात ना?"

"मी उत्तम आहे. शंका गार्गीच्या डोक्याची आहे."

यानंतर कुमुदने गार्गीला गाठून डोके दुखते का, चष्म्याच्या काड्या रुततात का, डॉक्टरांना दाखवलेस का, असे एकामागून एक विचारले. बाबानेच माप जुळत नसल्याचे सांगितले, हेही सांगून टाकले. पुढच्या रविवारी गार्गीचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. निशिकांत दोन्ही रविवारी फोन समोर ठेवून बसला. मग त्याने टोपी होती तशी पोस्टाने पाठवून दिली.

पार्सल पोचले त्या दिवशी फोन आला, आणि कॅमेरा चालू होता. गार्गीने टोपी घातली. घोडे हनुवटीपर्यंत आले.

"हे कोणाचं डोकं आहे, बाबा?"

"तू सांगितलंस तेवढंच आहे," तो म्हणाला.

"काय म्हणालास? थांब, या लॅपटॉपचा स्पीकर बिघडलाय. नेहमीचा लावते." तिने टोपी काढून कानांवर वाटीएवढा हेडफोन चढवला आणि कान गारठले म्हणून वरून पुन्हा टोपी ओढली. ती तंतोतंत बसली.

निशिकांत पडद्याजवळ सरकला. "मापलंस तेव्हा हा कानांवरच होता?"

"मग? तू बोलत होतास ना. काढला असता तर ऐकू कसं आलं असतं?"

कारण सापडले. माप अचूक होते. फक्त त्यात डोक्याबरोबर एक हेडफोन मोजला गेला होता, आणि वडिलांचा एकही शब्द निसटू नये म्हणून गार्गीने तो काढला नव्हता.