तात्यांचं दोन खुर्च्यांचं थेटर

रंगनाथतात्या कुणाच्याही घरी वास्तुशांतीला गेले, की आधी भिंतीच्या कडेला उकिडवे बसत. फरशी जिथं भिंतीला भिडते तिथं तळवा फिरवत आणि घरमालकाकडे बघून शांतपणे म्हणत, "हितं गळती हाय." मग हात धुऊन जेवायला बसत. घरमालकाच्या घशाखाली मात्र घास उतरत नसे.

तात्या माझे बावड्यातले शेजारी. सगळी नोकरी कालव्यावर पाटकरी म्हणून गेली. पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं, काठ कुठं फुटलाय, खेकड्यानं बीळ कुठं पाडलंय, हे बघत आयुष्यभर काठाकाठानं चालले. रिटायर झाल्यावर सायकल भिंतीला टेकली, पण गळती काही डोक्यातून गेली नाही. माझ्या बियाण्या-औषधांच्या दुकानाचा खप उतरला तेव्हा समोरच्या बाकावर बसून म्हणाले, "माल चोख हाय. गळती तुमच्या तोंडात हाय. मनात आलं की भाईर. गिऱ्हाईक टिकंल कसं?" हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला.

त्यांच्या बायकोला, सुभद्राकाकींना, ऐकू फार कमी यायचं. बारामतीच्या डॉक्टरनं दिलेलं कानातलं मशीन सारखं शिट्ट्या मारायचं, म्हणून काकींनी ते हळदीच्या डब्याशेजारी ठेवून दिलं होतं. त्यामुळे तात्यांना साधं बोलायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. "अगं, पोटातली कळ ऱ्हायली का?" असं त्यांनी सकाळी विचारलं, की अख्ख्या गल्लीला काकींच्या पोटाची काळजी लागे. त्यांच्याकडे भाजी कसली, पथ्य कसलं, रुसवा कशावरून, सगळं आम्हाला घरबसल्या कळायचं.

एकदा नळावर बायकांनी पोटावर हात ठेवून काकींना खुणेनंच विचारलं, "ऱ्हायली का कळ?" आणि सगळ्या हसल्या. वाईट मनात काही नव्हतं हो. पण काकी अर्धाच हंडा घेऊन घरी गेल्या. त्यानंतर तात्यांनी तोंड उघडलं, की त्या स्वतःच्या ओठावर बोट ठेवायच्या. स्वतःही बोलेनाशा झाल्या. हातानं खुणा करायच्या, ताट पुढं सरकवायच्या, बास. ते घर एकदम गप झालं. आम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

थोड्याच दिवसांत तात्यांनी गिरणीसमोर जाहीर केलं, "मी घरात थेटर बांधणार."

पुण्याला भाच्याच्या घरी त्यांनी तसली खोली पाहिली होती. मोठा टीव्ही, कोपऱ्यात स्पीकर, भिंतींना मऊ अस्तर. "आत काय बी धडाडधुम होऊ द्या, शेजाऱ्याला पत्ता न्हाय!" हे ते शंभरदा सांगत. पडदा केवढा होता, चित्र कसं दिसत होतं, असं विचारलं तर त्यांना आठवत नसे.

म्हैस विकल्यापासून परसातला गोठा रिकामा होता. तोच धरला. मी म्हटलं, तात्या, चांगला गवंडी बघा. तर म्हणाले, "गवंड्याला इटा कळत्यात, गळती कळत न्हाय. आवाज म्हंजी पाणीच वो. जितं फट, तितनं भाईर."

मग त्यांनी कालव्याचा काठ लिंपावा तसा गोठा लिंपायला घेतला. काळी माती, शेण, भुसा एकत्र करून स्वतः पायानं तुडवला. बुडापासून सुरुवात. सगळा जोर बुडावर. उंबऱ्याशी तर त्यांनी चक्क मातीचा बांध घातला, त्यामुळे थेटरात शिरायचं म्हणजे लुगडं सावरून उडी मारावी लागे. काकी गुपचूप उडी मारून आत जात, चहाचा कप ठेवत आणि उडी मारून परत येत. दाराच्या चौकटीला तात्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापून बसवली. दार लावलं की चर्रर्र व्हायचं आणि तात्यांचा चेहरा फुलायचा.

भिंतींच्या अस्तराला बारदान पाहिजे होतं. ते त्यांनी गुळाच्या व्यापाऱ्याकडून आणलं. ढेपा गुंडाळून आलेलं, चांगलं जाडजूड. खिळ्यांनी ठोकलं, वर जुन्या चादरी ताणल्या. आणि मग इंदापूर तालुक्यातले झाडून सगळे मुंगळे तात्यांच्या थेटरात दाखल झाले. दुसऱ्या कुणी कपाळावर हात मारला असता. तात्या कंदील घेऊन पालथे पडले. "आले कुठनं? म्हंजी फट हाय!" मुंगळ्यांच्या रांगेमागं सरपटत जाऊन त्यांनी एकेक भोक हुडकलं आणि बुजवलं. पुण्याच्या भाच्याला ही युक्ती सुचली नसती, असं मला म्हणाले. मला ते पटलं.

शेवटी टीव्ही आला, मंडपवाल्याचे जुने स्पीकर आले आणि खुर्च्या आल्या. दोनच.

"आमी कुठं बसायचं?" गिरणीवाल्या किसननं विचारलं.

"तुमच्या घरी," तात्या म्हणाले.

गल्लीला हे भलतंच लागलं. एवढं शेण तुडवताना आम्ही रोज येऊन सल्ले दिले होते! किसन चिडून म्हणाला, "आन् आवाज भाईर आला म्हंजी?"

"तर टीव्ही इकीन. आन् हितं परत म्हस बांधीन."

तात्या शब्दाचे पक्के. किसन त्याच दिवशी म्हशीच्या चौकशीला लागला.

रविवारी दुपारी परीक्षा ठरली. बाहेरून ऐकायचं काम तात्यांनी माझ्यावर सोपवलं. "तुमचं तोंड गळकं हाय, तुमाला लबाडी जमायची न्हाय," असं चारचौघांत कारणही सांगितलं. मग ते आणि काकी बांधावरून उडी मारून आत गेले. चर्रर्र. आम्ही गल्लीतले सगळे दारासमोर कान टवकारून उभे. काही नाही. किसननं दाराला कान लावला. काही नाही. त्याचं तोंड उतरलं.

मी एकटा गोठ्याच्या मागच्या बाजूला गेलो, आणि काय सांगू, गाणं खणखणीत ऐकू येत होतं! वर बघितलं. पत्र्याच्या खाली, म्हशीला वारा लागावा म्हणून ठेवलेला झरोका सताड उघडा. तात्यांनी बूड इंच न् इंच लिंपलं होतं. वर त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. जन्मभर पाहिलेलं पाणी कधी वर चढलं नव्हतं ना!

किसनला हाक मारायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात आतलं गाणं बंद झालं.

"सुभद्रा!" तात्या ओरडले. त्यांच्या तोंडून काकींचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "सुभद्रा, येतंय का ऐकू?"

"येतंय की! केवढ्यानं वरडताय! लोकं..."

"लोकं न्हाईत हितं. हितनं थेंब भाईर जात न्हाय. बोल तू."

मग तात्याच पुन्हा ओरडले, कालव्याच्या या काठावरून त्या काठाला हाळी द्यावी तसे. "हे हिरवं लुगडं तुला लई शोभतंय! कवाधरनं सांगायचं ऱ्हायलं हुतं!"

काकी हसल्या. खळखळून हसल्या.

"तू बोलंनाशी झाली, आन् घर खायला उठायचं गं मला!"

"मला बी," काकी म्हणाल्या. "गुडघा कसाय तुमचा? म्या इचारलंच न्हाय कवा."

एवढा खटाटोप, एवढी माती, ते मुंगळे, आणि सगळं कशासाठी, तर बायकोला दोन गोड शब्द मोठ्यानं सांगता यावेत म्हणून! परसात उरलेलं बारदान पडलं होतं. ते खांद्यावर टाकलं, जुन्या गव्हाणीवर चढलो आणि झरोक्यात कोंबून कोंबून बसवलं. आतला आवाज बाहेर यायचा थांबला. मी कपडे झटकून पुढं आलो.

जरा वेळानं दार उघडलं. तात्या बांधावर उभे राहिले. त्यांच्यामागं काकी, पदर नीट करत. तात्यांचा चेहरा धास्तीनं पार उतरलेला. "गळती?" त्यांनी विचारलं.

"थेंब न्हाय," मी म्हणालो.

किसन पाय आपटत गिरणीकडं गेला, आणि गल्लीही पांगली. तात्या मात्र माझ्या मानेकडं बघत होते. पुढं येऊन त्यांनी माझ्या कॉलरवरचा मुंगळा चिमटीत धरला. त्याच्याकडं बघितलं, मग वर पत्र्याकडं बघितलं.

"वरनं व्हय?" ते हळूच म्हणाले.

"आता न्हाय, तात्या."

त्यांनी मुंगळा अलगद जमिनीवर सोडला. माझ्या खांद्यावर हात ठेवला, थोडा दाबला. मग काकींचा हात धरून त्यांना बांधावरून आत घेतलं आणि दार लावलं. ट्यूब चर्रर्र वाजली. मी तिथंच बराच वेळ उभा राहिलो, पण काही म्हणता काही ऐकू आलं नाही.