रोग क्रमांक त्रेचाळीस

एका जंगलात, मुलांनो, संत्र्याच्या बागा होत्या आणि त्या बागांना रोग होता. दोघे इतकी वर्षे एकत्र राहत होते, की बाग कुठे संपते आणि रोग कुठे सुरू होतो, हे सांगू शकेल असा प्राणी फारसा उरला नव्हता. संत्र्याचे पान पिवळे असते, फळ लिंबाएवढे असते, एका अंगाला कललेले असते आणि चवीला कडवट असते, असे जंगलच्या शाळेत शिकवत. परीक्षेत हा प्रश्न दोन गुणांना असे.

हा रोग वाऱ्याने जात नसे, पाण्याने जात नसे. तो कलमातून जाई. कलम असे करतात : जंबेरीचे, म्हणजे एका रानटी लिंबाचे, बी पेरायचे. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले, की त्याच्या सालीला सुरीने चीर पाडायची. त्या चिरेत संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे फुटायची वाट पाहणारी बारीक कळी, बसवायची आणि पट्टी बांधायची. डोळा चांगल्या झाडाचा असेल तर झाड चांगले येते. रोगट झाडाचा असेल तर रोगट येते.

गोष्ट इतकी सोपी असल्यामुळे तिच्यासाठी एक खाते काढावे लागले.

त्याचे नाव बंदोबस्त खाते. जंगलचे राजे वाघमहाराज स्वतः संत्री खात नसत, त्यामुळे या बाबतीत त्यांचे निर्णय अगदी निःपक्षपाती असत. रोग दिसला की मोहीम निघे. खात्याची माणसे, म्हणजे प्राणी, रोगट फांद्या छाटत, बैलगाडीत भरत आणि ढोल वाजवत वस्तीवस्तीतून फिरवत. रोग कसा दिसतो ते जनतेला कळावे, हा हेतू. शेवटी सगळ्या फांद्यांचा ढीग बाजारतळावरच्या पळसाखाली रचत आणि साहेबांनी तपासणी केल्यावर जाळायचा, असे ठरवून घरी जात.

आता ढोल वाजवत सरकारी गाडीतून आलेली वस्तू वाईट असेल, असे कोणाच्या मनात कसे येणार? सुधारित जात असेल, असे समजून जो तो एकेक काडी घरी नेई आणि कलमे बांधी. पहिल्या मोहिमेआधी रोग दोन वस्त्यांत होता. तिसऱ्या मोहिमेनंतर कुठे नाही, ते शोधणे सोपे पडू लागले.

मग एका हुशार अधिकाऱ्याने सुचवले, की रोग ओळखायचा तर त्याचे नमुने जपून ठेवले पाहिजेत. म्हणून टेकडीखाली जाळीचे एक घर बांधले. आतला रोग बाहेर जाऊ नये म्हणून जाळी. बाहेर तो होताच. पण आतला बाहेर जाऊ नये.

या घराचा राखणदार होता गोमाजी साळिंदर. त्याच्याकडे बेचाळीस रोग होते. क्रमांक सात ओढ्याकाठच्या बागेतला, त्याने पानांच्या शिरा पिवळ्या पडत. क्रमांक एकोणीस टेकडीवरचा, त्याने खोडाला खड्डे पडत. क्रमांक एकतीस फारच सौम्य. झाडाला जरा पिवळे, जरा खुरटे करण्यापलीकडे तो काही करत नसे, पण होता.

रोग बाटलीत भरून ठेवता येत नाही, मुलांनो. तो जिवंत झाडातच राहतो, आणि ज्यात राहतो त्याला मारतो. म्हणून कुंडीतले झाड मरायला टेकले, की गोमाजी त्याचा डोळा काढून जंबेरीच्या ताज्या रोपावर बांधी. रोप आजारी पडले, की त्याला हायसे वाटे. झाड मेले तर चालत असे. रोग मेला तर स्पष्टीकरण द्यावे लागे.

एक रोग दुसऱ्यात मिसळू नये, म्हणून तो दर कुंडीनंतर सुरी औषधाच्या पाण्यात बुडवी. रोग शुद्ध राहिला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. त्या जंगलात शुद्ध अशी तेवढीच वस्तू मिळत असे.

घराच्या शेवटच्या कोपऱ्यात एक कुंडी होती. तिच्यात एक निरोगी संत्रा होता. आजारी झाड कशाच्या मानाने आजारी आहे ते कळावे, म्हणून गोमाजीच्या आधीच्या राखणदाराने, किंवा त्याच्याही आधीच्याने, तो तुलनेसाठी ठेवला होता. गोमाजी त्याच्यासाठी वेगळी सुरी वापरी. दर पौषात त्याला चारपाच फळे लागत. त्यांतले एक गोमाजी दार लावून खाई. चवीबद्दल त्याने कुठे लिहिले नव्हते. तसा रकाना नव्हता.

साऱ्या जंगलात निरोगी संत्रा आता तो एवढाच होता. हे गोमाजीला ठाऊक होते. त्याला कोणी विचारले नव्हते.

एके दिवशी खात्याचे पत्र आले. आठ दिवसांनी समिती तपासणीला येईल. क्रमांक नसलेली प्रत्येक वस्तू तत्पूर्वी उपटून टाकावी व टाकल्याचे कळवावे.

गोमाजीने पत्र तीनदा वाचले. मग तो कोपऱ्यातल्या कुंडीसमोर जाऊन बसला. त्या झाडाला क्रमांक नव्हता, कारण त्याला रोग नव्हता.

त्याच वेळी जाळीपाशी पार्बताबाई शेकरू आली. तिची साठ झाडांची बाग होती. त्यांतली सात उरली होती, आणि त्या सातांतली दोन केवळ तिच्या भिडेखातर उभी होती.

"गोमाजीभाऊ, औषध द्या काही."

"इथं औषध नसतं बाई. इथं रोग असतात."

"रोग माझ्याकडंही आहेत. या हंगामात बाग उठली नाही तर पिल्लं घेऊन मला नदीपल्याडच्या रानात जावं लागंल." बोलता बोलता तिची नजर कोपऱ्यात गेली. "त्याला काय झालंय हो?"

"कोणाला?"

"त्या हिरव्याला."

"त्याला काही झालेलं नाही."

"काही झालं नाही, तर मग इथं काहून ठेवलं?"

गोमाजीने तुलनेचा नियम सांगितला. मग पत्र दाखवले. पार्बताबाईला वाचता येत नव्हते, म्हणून त्याने वाचूनही दाखवले.

"उपटणारच आहा, तर त्याचे डोळे मला द्या."

"देता येत नाहीत. रोग मागा. बेचाळीसांपैकी कोणताही मागा, अर्ज करा, पंधरा दिवसांत डोळे हातात देतो. अभ्यासासाठी रोग द्यायची तरतूद आहे. पण जे नोंदवहीत नाही, ते मी कुठून देऊ?"

"मग नोंदवहीत घ्या."

"तिथं रोगाची नोंद होते. निरोगाची होत नाही."

"मग रोग म्हणून घ्या!"

गोमाजीच्या अंगावरचे काटे उभे राहिले. "बाई, एकवीस वर्षांत मी या वहीत खोटं अक्षर लिहिलेलं नाही."

"खोटं कशापायी? तुमच्याच नियमात बघा ना, रोग म्हणजे काय ते."

हे बघायचे गोमाजीला कधी सुचले नव्हते. त्याने नियमावली काढली. रोगाच्या अटी तीन होत्या. पहिली : लक्षणे जंगलातल्या सर्वसाधारण झाडाहून वेगळी असावीत. दुसरी : ती कलमातून नव्या झाडात जावीत. तिसरी : नव्या झाडात गेल्यावर ती बदलू नयेत.

त्याने झाडाकडे पाहिले. पुन्हा अटी वाचल्या. मग त्याने वही उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिले :

"क्रमांक ४३. पान गडद हिरवे. फळ मोठे, सर्व बाजूंनी सारखे. रस गोड. झाड वाढत राहते. उपाय : माहीत नाही."

खाली सही केली. त्यातले एकही अक्षर खोटे नव्हते.

आठ दिवसांनी समिती आली. समितीत दोघे होते. अध्यक्ष गवासाहेब, ज्यांना संत्र्यातले काही कळत नसे, आणि तज्ज्ञ डॉक्टर तरस, ज्यांना मेलेल्या झाडांतले सगळे कळे. बेचाळीस कुंड्या झाल्या. त्रेचाळिसाव्या कुंडीपुढे डॉक्टर तरस थबकले.

"अरे बाप रे! किती हिरवं हे!"

"दुखत असेल का हो त्याला?" गवासाहेबांनी हळू आवाजात विचारले.

"सांगता येत नाही. फार पुढच्या अवस्थेतलं दिसतंय. राखणदार, याच्या तुलनेचं निरोगी झाड कुठाय?"

निरोगी झाड तर क्रमांक घेऊन बसले होते. गोमाजीने शेजारी क्रमांक एकतीसची एक जादा कुंडी ठेवली होती. झाड पिवळे, खुरटलेले, लिंबाएवढी दोन फळे धरून उभे होते.

ते पाहून डॉक्टर तरसांचा जीव भांड्यात पडला. "हे बघा साहेब. झाड असावं तर असं."

मग नमुना म्हणून त्रेचाळीसचे फळ सोलले. तरसांनी एक फोड खाल्ली आणि डोळे मिटले. "कडवटपणा पूर्ण नष्ट झालाय. जीभ बधिर झाल्यासारखी वाटते."

गवासाहेबांनी एक फोड खाल्ली. खात्री होईना, म्हणून आणखी एक फळ सोलले. तेही संपले. चौथ्या फळानंतर त्यांची खात्री झाली.

अकरा वर्षांत नवा रोग सापडला नव्हता. समितीने गोमाजीचे अभिनंदन केले आणि त्रेचाळीस क्रमांकावर शिक्का उमटवला. पार्बताबाईचा अर्ज पाठोपाठ गेला : "रोग जवळून ओळखता यावा, म्हणून डोळे मिळावेत." तो पंधरा दिवसांत मंजूर झाला. रोगाच्या मागणीला नकार दिल्याचे एकही उदाहरण नव्हते.

पार्बताबाईच्या कुंपणाला जंबेरीची रोपे होतीच. तिने त्रेपन्न कलमे बांधली. वेगळी सुरी वापरायचे गोमाजीने तिला इतक्या वेळा बजावले, की शेवटी ती म्हणाली, "भाऊ, आता सुरीच तुम्ही धरा." मग त्याने धरली.

चार वर्षे गेली. पाचव्या वर्षी शेजारच्या बागवाल्यांची तक्रार खात्यात पोचली, की पार्बताबाईच्या बागेत झाडे वाढत आहेत. डॉक्टर तरस जाऊन आले. त्यांना धाप लागली होती.

"साहेब, त्रेचाळीस! त्रेपन्न झाडांपैकी त्रेपन्न! एकही वाचलेलं नाही."

वाघमहाराजांनी चौथ्या मोहिमेचा हुकूम काढला. ऐकताच गोमाजी खात्यात धावला.

"साहेब, तो रोग नाही."

"नोंद कोणाची आहे?" गवासाहेबांनी विचारले.

"माझी."

"सही?"

"माझीच."

"त्यात काही खोटं आहे?"

"नाही साहेब."

"मग तुम्ही आता असं का बोलता?"

खरे लिहिण्यातला हा एक धोका आहे, मुलांनो.

मार्गशीर्षात मोहीम निघाली. फांद्या फळांनी वाकल्या होत्या. खात्याने त्या फळांसकट छाटल्या. त्रेपन्न झाडांचे त्रेपन्न खुंट राहिले. पार्बताबाई बांधावर बसून होती. गोमाजी तिच्या शेजारी उभा होता, काटे मिटून.

"तुमच्या वहीनं दिलं, भाऊ," ती म्हणाली, "आन् तुमच्या वहीनंच नेलं." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

गाडी निघाली. ढोल वाजू लागले. ओढ्याकाठची वस्ती झाली, टेकडीवरची झाली, नदीकाठची झाली. दवंडीवाला ओरडत होता, "ऐका हो ऐका! भयंकर संसर्गजन्य रोग! पानं हिरवी, फळ गोड! कुणी हात लावू नये, कुणी घरी नेऊ नये!" जनता दुतर्फा उभी राहून फळांकडे बघत होती. बाजारतळावरच्या पळसाखाली पूर्वी कधी नव्हता एवढा मोठा ढीग रचला गेला. साहेबांनी तपासणी केली, की जाळायचा, असे ठरवून सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीला आले, तेव्हा तिथे पळस होता.

सात वर्षांत रोग क्रमांक त्रेचाळीस जंगलभर झाला. ज्या बागेत तो पोचला नाही, त्या बागेचे मालक आपल्यावर अन्याय झाल्याचे अर्ज करू लागले. पार्बताबाईचे खुंट तर दुसऱ्याच पावसात फुटले होते आणि छाटणी नीट झाल्यामुळे पहिल्यापेक्षा जोरात वाढले होते. ती आता गोमाजीशी बोलू लागली होती, पण फक्त सुरीविषयी. शाळेच्या पुस्तकात संत्र्याचे पान हिरवे झाले. डॉक्टर तरस दुसऱ्या विषयाकडे वळले. मोहीम आटोपल्याचा अहवाल खात्याने वेळेवर पाठवला.

मग एक दिवस गोमाजीने सहज नियमावली उघडली. पहिली अट : लक्षणे जंगलातल्या सर्वसाधारण झाडाहून वेगळी असावीत. तो बाहेर गेला, चौफेर पाहून आला, आणि त्याने नियमाप्रमाणे क्रमांक त्रेचाळीसवर रेघ मारली. क्रमांक नसलेली वस्तू उपटून टाकावी, हा हुकूम अजून लागू होता. म्हणून त्याने कोपऱ्यातले ते झाड हलक्या हाताने मुळांसकट उपटले, ओल्या पोत्यात गुंडाळले, आणि नेऊन पार्बताबाईच्या बांधावर टाकले. तिथे तिने खड्डा आधीच खणून ठेवला होता.

"टाकल्याचे कळवतो," असे त्याने खात्याला लिहिले. यातही एक अक्षर खोटे नव्हते.

तात्पर्य : एखादी चांगली गोष्ट घरोघरी पोचावी असे मनापासून वाटत असेल, तर मुलांनो, तिचा प्रचार करत बसू नका. ती समूळ नष्ट करण्याचे काम एखाद्या अनुभवी खात्याकडे सोपवा.